बर्फावरच्या पोरी, दोरीवरच्या पोरी

उन्हाळ्यात आठ दिवस मुंबईला थोरल्या भावाकडे जाऊन आले. भाऊ लालबागला चाळीत राहतो. गिरणीत होता. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, मग कुठे रखवालदारी, कुठे हमाली असं करत त्याने संसार ओढला, पण खोली सोडली नाही. आता बहात्तरीला आला आहे.

पहिल्या रात्री जेवणं उरकली. भांडी घासून हात पुसत बाहेर येते तर भाऊ नातीशेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. मला वाटलं कुस्ती असेल, नाहीतर भजन. वाकून पाहिलं तर पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक गोरी पोरगी भिंगरीसारखी फिरत होती. तिने उडी मारली, उतरताना तिचा हात बर्फाला टेकला, आणि भाऊ असा चुकचुकला की जणू घरची पोर पडली.

मी म्हटलं, "दादा, ही कोण तुझी?"

नात हसली. म्हणाली, "आजी, आबांना सगळ्यांची नावं पाठ आहेत."

आणि खरंच होती. सून नंतर मला स्वयंपाकघरात सांगत होती की पहाटे चारला उठून आजोबा-नात अमेरिकेतली स्पर्धा पाहतात. चाळीतल्या आणखी दोघी-तिघी पोरीही येऊन बसतात. चहा मात्र सुनेलाच करावा लागतो.

तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. मोठ्या मांडवाएवढं बर्फाचं रिंगण असतं. बुटाच्या तळाला पोलादाचं अरुंद पातं. त्या पात्यावर घसरत वेग घ्यायचा, वर उडायचं, हवेत तीन वेळा स्वतःभोवती फिरायचं आणि एका पायावर, तेही पाठमोरं, उतरायचं. हवेतला सगळा खेळ एका सेकंदाच्या आत आटोपतो. पंच उडीचे गुण देतात, डौलाचे देतात, पडलं की कापतात. चांगला खेळ झाला की लोक बर्फावर फुलं आणि कापडी अस्वलं फेकतात, आणि ती वेचायला लहान लहान पोरी घसरत येतात. आपल्याकडे मैदानात पैलवान जिंकला की बक्षिसाच्या नोटा येतात, तसंच हे.

आता ह्या पोरींच्या मागे लोक इतके वेडे का होतात, ते भावाने मला दुसऱ्या दिवशी समजावलं. एका दिवसाच्या खेळाचं ते वेड नव्हे. पोर दहा-अकरा वर्षांची असल्यापासून लोक तिला बघत असतात. यंदा तिची कोणती उडी बसली, गेल्या साली कुठे पडली, घोटा दुखावला तो बरा झाला का, सगळं ध्यानात ठेवतात. आपण नाही का, शेजारच्या शेतातलं पीक बांधावरून रोज बघत जातो? पीक आपलं नसतं, पण पाऊस दडी मारतो तेव्हा जीव आपलाही लागतो.

१९९८ साली जपानातल्या नागानो गावी ऑलिंपिक झालं. तिथे तारा लिपिन्स्की नावाच्या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलीने सुवर्णपदक घेतलं. दुसरी आली मिशेल क्वान, तीही अमेरिकेचीच, सतरा वर्षांची. तारा लवकरच स्पर्धांतून बाहेर पडली. मिशेल राहिली. तिने जगाचं अजिंक्यपद पाच वेळा आणि आपल्या देशाचं नऊ वेळा जिंकलं, पण ऑलिंपिकचं सोनं तिला कधीच मिळालं नाही. २००२ साली आपल्याच देशात ऑलिंपिक होतं, तिथेही तिसरी आली. तरी लोकांनी तिला सोडलं नाही. भाऊ म्हणाला, "सोनं जिंकलेलीपेक्षा ही लोकांना जास्त आपली वाटली." त्याने हे काही तेव्हा पाहिलेलं नाही, नातीनेच त्याला जुने खेळ दाखवले. पण बोलत असा होता की जणू तिथे बसून आला.

त्या दोघांची लाडकी मात्र दुसरीच. तिचं नाव अलिसा लिउ. बाप चीनमधून अमेरिकेत गेलेला वकील. ही पोर २०१९ साली तेराव्या वर्षी अमेरिकेची अजिंक्य झाली, इतक्या लहान वयात तिच्या आधी कुणीच झालं नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. मग काय झालं असेल? जे तुमच्या-माझ्या घरातल्या पोरीचं होतं तेच. उंची वाढली. अंग भरलं. ज्या उड्या सहज येत होत्या त्या बसेनात. २०२१ साली ती चौथी आली. २०२२ मध्ये ऑलिंपिक खेळली, जागतिक स्पर्धेत तिसरी आली, आणि सोळाव्या वर्षी म्हणाली, पुरे. बूट काढून ठेवले. दोन वर्षं तिने खेळाचं नाव घेतलं नाही.

इथे जरा थांबते, कारण ह्या गोष्टीचं कारण आपण बायकांनी समजून घ्यायला हवं. लहान अंगाची पोर हवेत पटकन फिरते, जसं लहान तोंडाची भिंगरी लवकर गरकन फिरते. तेरा-चौदाव्या वर्षी हाडं लांबतात, कंबर रुंदावते, वजनाचा तोल दुसरीकडे सरकतो. ताकद कमी झालेली नसते. पण जुन्या अंगाला शिकवलेलं सगळं नव्या अंगाला पुन्हा शिकवावं लागतं, आणि त्याला वर्ष-दोन वर्षं जातात. तेवढा धीर कुणाला नसतो. मग काही पोरी जेवण तोडतात. ग्रेसी गोल्ड नावाची अमेरिकेची मोठी खेळाडू, दोनदा देशात पहिली आलेली. अन्न तोडून तोडून ती आजारी पडली, आणि ते तिने स्वतःच जगाला सांगितलं. २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या पोरीचं औषधाचं प्रकरण झालं, तेव्हा कुठे खेळाच्या जागतिक संघटनेने मोठ्यांच्या स्पर्धेचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेलं. ज्वारी पोटरीत आली की आपण पाणी तोडतो का? उलट तेव्हाच देतो. पोरींच्या बाबतीत मात्र नेमकं तेव्हाच तोडतो.

गिरगाव-दादरच्या लोकांना पोरींच्या खेळाचं कौतुक नवं नाही बरं का. तुमच्यातल्या जुन्या वाचकांना आठवेल, गिरगावातल्या 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, बुद्धिबळ खेळायच्या. १९७४ साली बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं तो मान त्या तीन बहिणींतच फिरत राहिला. रोहिणी तर १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बसली. त्यावर वाद झाला आणि शेवटी जागतिक संघटनेला सांगावं लागलं की बायकांना अडवता येणार नाही. १९८१ साली ती आशियात पहिली आली. पण बुद्धिबळाच्या पटाला उंची वाढल्याने काही होत नाही, हेही खरं.

तर आता माझ्या भावाच्या नातीकडे येते. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. तेरा वर्षांची आहे आणि दादरला शिवाजी पार्काकडे दोरीच्या मल्लखांबाला जाते. मुंबईत बर्फ कुठला? ह्या पोरींचा बर्फ म्हणजे ती दोरी.

मल्लखांब तुम्हांला ठाऊकच आहे. जत्रेत, शाळेच्या मैदानात पाहिला असेल. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असं सांगतात. खांब बहुधा सागाचा किंवा शिसवीचा, त्याला एरंडेल चोळतात. दोरीचा प्रकार पूर्वी वेतावर करायचे, आता वरून सुती दोर सोडतात. दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासूनचं. तिथे उदय देशपांडे यांनी कितीतरी वर्षं मुलं-मुली घडवल्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलींनाही दोरीवर चढवलं, आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, पंधरा देशांचे खेळाडू आले होते. हिमानी परब ही तिथलीच पोर. तिला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, मल्लखांबाला मिळालेला तो पहिला.

मी भावाबरोबर संध्याकाळी पोरींचा सराव बघायला गेले. मला वाटलं होतं की दोरीवर चढणं म्हणजे आपण लहानपणी विहिरीच्या सोलाला लोंबकळायचो तसलं काहीतरी असेल. तसलं काही नाही. दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांच्या बेचक्यात धरायचा. मग अढी घालायची. गाठ कुठेच मारायची नाही. दोर मांडीवरून, कमरेवरून, पाठीवरून असा फिरवायचा की स्वतःच्या वजनानेच तो आवळतो, आणि मग दोन्ही हात सोडून वर, अधांतरी, पद्मासन घालायचं. एक पोर तर दोरावर आडवी होऊन डोक्याखाली हात घेऊन निजली, जशी आपण दुपारी ओसरीवर निजतो. मिनिट-दीड मिनिटात हे सगळं करून खाली यायचं. पायाची बोटं बघितली मी त्या पोरींची. खुरपून खुरपून आपल्या हाताला पडतात तसे घट्टे.

मैदानाच्या कडेला कट्ट्यावर म्हातारी मंडळी बसलेली असतात. पैकी निम्म्यांचं तिथे कुणीच शिकत नाही. तरी प्रत्येकाला ठाऊक असतं की कुठली पोर कशात पक्की आहे आणि कुणाचा गुडघा ह्या महिन्यात दुखतोय. भाऊ त्यांच्यात जाऊन बसला. खिशातून वही काढली.

ही वही मला ठाऊक नव्हती. गिरणीत पाळ्या लिहायचा तशी त्याने उभ्या-आडव्या रेघा मारून केलेली. नात सात वर्षांची होती तेव्हापासूनचं सगळं त्यात आहे. तारीख, स्पर्धा, गुण, कितवी आली. आणि शेवटच्या रकान्यात, किती वेळा पडली.

गेल्या वर्षी ती दुसरी आली होती. यंदा सातवी. वर्षात एक वीत उंच झाली आहे आणि, बायांनो, तुमच्यापासून काय लपवायचं, ह्याच वर्षी शहाणी झाली. अंगाचा भार वाढला, तो सगळा त्या दोन बोटांच्या बेचक्यावर येतो. पूर्वी एका दमात लागणारं आसन आता निसटतं. घरात रात्री त्यावरून बोलणं झालं. तिचा बाप, माझा भाचा, म्हणाला, पुढच्या वर्षी नववी आहे, शिकवणी लावू, आता दोरी पुरे. तो वाईट बाप नाही. दिवसभर उभ्याने काम करून येतो, फी भरतो, पोरीची काळजी त्यालाही आहे. सून गप्प होती. पोर ताटाकडे बघत भात चिवडत होती. भाकरी दोन दिवसांपासून निम्मी टाकत होती, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

मी पाहुणी. पण राहवलं नाही. म्हटलं, "अरे, आमच्या गावात हेच होतं. सहावी-सातवीपर्यंत पोरी खो-खोला वाऱ्यासारख्या पळतात. मग एक दिवस आई सांगते, आता पुरे, लोक काय म्हणतील. कुणी चुकून थांबवली नाही तर आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर होते, खो-खो खेळता खेळता धावायला लागली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत उतरली. तू मुंबईत राहून आमच्या गावासारखंच करणार?"

भाचा काही बोलला नाही. भाऊ उठला, वही आणली, आणि मुलापुढे मागची पानं उघडली. सात वर्षांची असतानाचं पान. शेवटच्या रकान्यात, एका महिन्यात, एकतीस. "तेव्हा ही एकतीसदा पडली होती," तो म्हणाला. "तेव्हा तू बंद कर म्हणाला नाहीस. उलट पेढे आणलेस, पहिल्यांदा अढी बसली म्हणून."

मग नातीने मोबाइल काढला आणि बापाला त्या अलिसाचा २०२५ सालचा खेळ दाखवला. बॉस्टन शहरात. दोन वर्षं बूट काढून ठेवलेली पोर परत आली होती, एकोणीस वर्षांची होऊन, हसत हसत. अमेरिकेच्या पोरीने जगात पहिलं येऊन एकोणीस वर्षं झाली होती. ती आली. भाच्याने खेळ पूर्ण बघितला. बघून झाल्यावर विचारलं, "हिची शाळा-बिळा काय?" पोर म्हणाली, "कॉलेजात जाते, बाबा."

निर्णय त्या रात्री झाला नाही. घराघरांत असे निर्णय एका रात्रीत होत नसतात. दिवाळीपर्यंत चालू ठेवू, मग बघू, एवढंच ठरलं. मी निघताना सुनेला शेंगदाण्याचे लाडू करून दिले, गूळ जरा हात सैल सोडून घातला, आणि पोरीला बजावलं की सरावाआधी एक आणि नंतर एक खायचा, आणि भाकरी पूर्ण. वजनाची भीती घालशील तर मी परत येईन, असं सुनेलाही सांगितलं. ती हसली. तिचं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं, पण एसटीत बसवायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "आत्या, मी पण शाळेत लंगडीत पहिली यायचे."

भाऊ गणपतीत गावी येतो. वही घेऊन ये म्हणून सांगितलं आहे.