नितीशला षटकं द्या

नितीशकुमार रेड्डी खरा अष्टपैलू आहे का, हा वाद आमच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी पेटतो. अर्ध्यांचं म्हणणं, मेलबर्नला एकदा बॅट चालली, बस्स. उरलेले म्हणतात, पोरगं आहे, दम धरा. मला दोन्ही पटत नाही. तो अष्टपैलू होणार की नाही, हे त्याच्याइतकंच त्याला वापरणाऱ्यांवर आहे, आणि त्याला नीट वापरलं जात नाहीये.

आधी त्याने केलं काय ते बघू. नोव्हेंबर 2024 मध्ये पर्थला पदार्पण. भारताचा डाव 150 वर आटोपला, त्यात सर्वाधिक 41 याच्या. ॲडलेडला दोन्ही डावांत 42, दोन्ही वेळा संघात सर्वाधिक. मग मेलबर्न. ऑस्ट्रेलियाच्या 474 पुढे आपले 7 बाद 221, फॉलोऑन टाळायला 275 हवेत. तिथून त्याने आणि वॉशिंग्टन सुंदरने 127 जोडल्या. सुंदर गेला, बुमरा शून्यावर गेला, नितीश 99 वर समोरच्या टोकाला उभा. कमिन्सचे तीन चेंडू सिराजने खेळून काढले. त्या तीन चेंडूंसाठी मी सिराजला एखादं कमेंडेशन कार्ड दिलं असतं! पुढच्या षटकात बोलंडला सरळ चौकार आणि शतक. सामना आपण 184 धावांनी हरलो, हेही सांगायला हवं. त्यानंतरच्या तीन डावांत त्याच्या धावा 1, 0 आणि 4. मालिकेत एकूण 298 धावा, बळी मात्र पाचच.

स्टँडमध्ये रडणारे त्याचे वडील सगळ्यांनी पाहिले. ते विशाखापट्टणमला हिंदुस्तान झिंकमध्ये होते. उदयपूरला बदली झाली तेव्हा मुलाचं क्रिकेट तुटेल म्हणून त्यांनी नोकरी सोडली. आपल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बदलीचा कागद आला की आपण ट्रंका भरतो, मुलं तिसरी-चौथी शाळा बघतात, आणि त्यांचं कबड्डी किंवा तबला मागच्या स्टेशनवरच राहतो. त्या माणसाने ट्रंक भरली नाही. त्यापायी त्या घराने काय सोसलं असेल, ते पेन्शनच्या भरवशावर जगणाऱ्यांना बरोबर कळेल.

आता वापराबद्दल. प्रत्येक युनिटमध्ये एक असा जवान असतो, जो सेट चालवतो, गाडी चालवतो, लिहा-वाचायला बरा, शिवाय बास्केटबॉलही खेळतो. सगळ्यांना तो हवा असतो. कंपनी कमांडर इकडे ओढतो, क्वार्टरमास्टर तिकडे. परिणाम असा, की प्रमोशन कॅडरला त्याला कधीच मोकळं सोडत नाहीत, आणि त्याच्यापेक्षा डावे लोक नाईक होऊन पुढे जातात. नितीशचं तेच चाललंय. जुलै 2025 मध्ये लॉर्ड्सवर त्याने एकाच षटकात डकेट आणि क्रॉली हे दोन्ही सलामीवीर काढले. मग गुडघा दुखावला आणि दौरा संपला. ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध अहमदाबादला फलंदाजीची पाळीच आली नाही. दिल्लीला वरच्या क्रमांकावर पाठवला, 43 केल्या, पण चेंडू एकदाही हातात दिला नाही. मग कोलकात्याला बाहेर, गुवाहाटीला पुन्हा आत.

कर्णधाराची अडचण मला दिसते. घरच्या खेळपट्टीवर जडेजा, सुंदर, कुलदीप असताना चौथ्या-पाचव्या मध्यमगती गोलंदाजाला कोण विचारतो? सामना जिंकायचा तर मीही हेच केलं असतं. पण मग त्याला संघात बसवून ठेवू नका. राखीव तुकडीलासुद्धा आपण रोज तंबूत झोपवत नाही, तिची रिहर्सल घेतो. आंध्रकडून रणजी खेळू द्या, सामन्यात पंचवीस-तीस षटकं टाकू द्या. मध्यमगती गोलंदाजाची लय नेटमध्ये सापडत नसते, तिसऱ्या स्पेलमध्ये पाय जड झाल्यावर सापडते.

घाईघाईत हातचा माणूस गमावण्याची सवय आपल्याला आहेच. इरफान पठाण 19 व्या वर्षी ॲडलेडला खेळला, कराचीत पहिल्याच षटकात हॅटट्रिक घेतली, 2008 च्या जानेवारीत पर्थला सामनावीर ठरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याची शेवटची कसोटी झाली. वय 23. नावावर 29 कसोट्यांत 100 बळी आणि 1105 धावा. तो गोलंदाज की फलंदाज, हे ठरवता ठरवता वेग गेला आणि स्विंगही. दुखापती होत्या, मान्य. हार्दिकची पाठही गेली आणि 11 कसोट्यांवर ते प्रकरण मिटलं.

नितीशच्या बॅटची मला फारशी चिंता नाही. पर्थ आणि ॲडलेडला पहिल्या दौऱ्यात उभा राहिलेला माणूस पुन्हा उभा राहील. म्हणून हल्ली मी त्याच्या धावा नंतर बघतो. स्कोअरकार्ड उघडलं की आधी षटकांचा रकाना.