आरोग्यचिंतन : धूर आणि अग्नि

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास आरंभीं डोंगरावरील धुराचें उदाहरण देतात. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें. परंतु अग्नीवांचून धूर कोठेंच आढळत नाहीं, हें आधीं सिद्ध असावें लागतें. जो हेतु इतरत्रही आढळतो, तो व्यभिचारी ठरतो. पुण्यांत हल्लीं घरोघरीं रक्ततपासणीचे कागद येतात; ते वाचतांना हा जुना धडा विसरूं नये, असें आम्हांस वाटतें.

त्या कागदांवर पुष्कळदां 'सीआरपी' या प्रथिनाचा आंकडा असतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांस तें १९३० सालीं न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तांत आढळलें. शरीरांत कोठेंही दाह उत्पन्न झाला कीं यकृत तें अधिक निर्माण करतें. मूत्रपिंडाच्या कर्करोगांतही तें अनेकदां वाढतें. कारण गांठींतील पेशी 'इंटरल्यूकिन-६' नामक द्रव्य सोडतात व तें यकृतास चेतवितें.

मग वाढलेला आंकडा ही कर्करोगाची खूण मानावी काय? मुळींच नाहीं. दातांतील गळवानें, संधिवातानें किंवा साध्या तापानेंही तो वाढतो. उलट लहान गांठ असूनही तो प्राकृत असूं शकतो. रोग निश्चित झाल्यावर त्याचा पुढील कल जोखण्यास मात्र या प्रथिनाचा उपयोग होतो.

'किम-१' या दुसऱ्या प्रथिनाविषयीं अधिक आशा आहे. मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांस इजा झाली म्हणजे तें वाढतें. निदानापूर्वीं पांच वर्षांपर्यंत तें रुग्णांच्या रक्तांत वाढलेलें असतें, असें युरोपांतील एका अभ्यासांत २०१८ सालीं दिसून आलें. तथापि मूत्रपिंडाच्या इतर विकारांतही तें वाढत असल्यानें केवळ त्यावरून निर्णय करतां येत नाहीं.

तोंवर एका लक्षणाकडे गृहस्थांनीं अवश्य लक्ष द्यावें. लघवींतून वेदनेवांचून रक्त जाणें, हें तें लक्षण होय. वडीलधारीं माणसें संकोचानें तें बोलत नाहींत. 'उन्हाळी लागली असेल' म्हणून धण्याजिऱ्याचें पाणी घेतात. दोन दिवसांत रंग आपोआप निवळतो व गोष्ट विस्मरणांत जाते. हें निवळणेंच घातक! मुतखडा किंवा अन्य कांहीं कारणही निघेल. परंतु तें वैद्यानें सोनोग्राफी आदि तपासण्या करून ठरवावें, घरांतील कोणीं तर्कानें नव्हे. या रोगाची गांठ मूत्रपिंडापुरतीच असतांना सांपडली, तर शस्त्रक्रियेनें रोगी पुष्कळदां बरा होतो. म्हणून मुलांनीं व सुनांनीं वडिलांस हा प्रश्न भीड सोडून विचारावा, आणि वडिलांनीं त्याचें उत्तर द्यावें.