३५ म्हणजे नक्की किती?

घरी समुद्री माशांची टाकी ठेवणाऱ्या कोणालाही विचारा, पाण्याचा खारटपणा किती? उत्तर ठरलेलं असतं : पस्तीस. म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. खुल्या समुद्राची सरासरीही साधारण तेवढीच आहे. मग दुसरा प्रश्न विचारा, तुमचं उपकरण शेवटचं कधी आणि कशावर तपासलं? इथे बहुतेक जण गप्प होतात. माझं स्पष्ट मत आहे की ज्या उपकरणाची तपासणी खारटपणा माहीत असलेल्या द्रावणावर झालेली नाही, त्याने दाखवलेला आकडा हा अंदाज आहे, मोजमाप नाही. आणि ही तपासणी मूठभर मिठात होत असताना ती न करणं हा निव्वळ आळस आहे.

आमच्या घरी, विशाखापट्टणमच्या क्वार्टरमध्ये, १०० लिटरची टाकी आहे. तिच्यात साधारण साडेतीन किलो क्षार विरघळलेले असतात. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. समजा उन्हाळ्यात पंख्याखाली चार-पाच दिवसांत आठ लिटर पाणी उडालं, तर ३५ चे ३८ होतात. आता कोणी प्रेमाने आठ लिटर खारं पाणीच वरून ओतलं, तर ते जवळपास ३८ वरच राहतं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसंच केलं तर ४० च्या पुढे जातं. एवढा खारटपणा तांबड्या समुद्रात असतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टीची एक रेघ लावली की रोज किती भरायचं ते कळतं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक उपकरण हेच, असं मला वाटतं.

मासा थोडाफार फरक सोसतो. समुद्री माशाच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्याकडे स्वतःची व्यवस्था आहे. तारामासा, गोगलगाय यांचं तसं नाही. तारामाशाच्या शरीरातला खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबरच चढतो-उतरतो. अकरावीच्या पुस्तकात परासरण शिकतो ना, तेच इथे जिवंत प्राण्यावर घडतं. तुमच्या टाकीत खरे ३६ आणि मित्राच्या टाकीत खरे ३२ असतील आणि दोघांचे मीटर ३५ दाखवत असतील, तर एका टाकीतून दुसरीत सोडलेला तारामासा दगावू शकतो. दोघेही म्हणतील, पाणी तर सारखंच होतं!

चूक कुठून येते ते पाहू. दुकानात प्लास्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर मिळतो. त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला किंवा खुंटीवर मिठाचा थर बसला की आकडा सरकतो. काचेचा तरंगता हायड्रोमीटर जास्त भरवशाचा, पण तो ज्या तापमानासाठी बनवला आहे ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. गरम पाणी हलकं असतं. २५ अंशांऐवजी ३० अंशांच्या पाण्यात तोच हायड्रोमीटर खारटपणा सुमारे दोनने कमी दाखवतो. (आमच्या शेजारी पाणबुडीवर नोकरी केलेले एक अंकल राहतात. ते म्हणतात, हा खेळ आम्ही आख्ख्या बोटीवर खेळायचो. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात नद्यांमुळे वरचं पाणी अरबी समुद्रापेक्षा बरंच कमी खारं असतं. तशा पाण्यात बोट जड होते आणि टाक्यांतलं पाणी कमी-जास्त करून तिचा तोल पुन्हा जमवावा लागतो.)

तिसरं उपकरण रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, अर्धा-एक मिनिट थांबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की डिस्टिल्ड पाण्यावर शून्य जुळवा. लोक तेवढंच करतात आणि निर्धास्त होतात. पण रिकामा तराजू शून्य दाखवतो, म्हणून त्याचा एक किलो बरोबर असतो का? भाजीवाल्याच्या वजनालासुद्धा सरकारी शिक्का लागतो.

यात आणखी एक गोम आहे. पुष्कळसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नसून साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. समुद्रात मिठाशिवाय मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम असं बरंच काही असतं, म्हणून प्रकाश वेगळा वाकतो. खऱ्या ३५ च्या समुद्रपाण्याला असं उपकरण साधारण ३६.५ म्हणतं. मग आपण गोडं पाणी घालून काटा ३५ वर आणतो आणि टाकी प्रत्यक्षात साडेतेहेतीसवर जाते.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून नमुने आणले. विल्यम डिटमार यांनी त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण करून १८८४ मध्ये दाखवलं की खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखंच असतं. घनता, वक्रीभवन किंवा विद्युतवाहकता यांपैकी एकाच गोष्टीवरून आपण खारटपणा सांगू शकतो तो याच आधारावर. पण समुद्रशास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते आपली उपकरणं सीलबंद प्रमाणित समुद्रपाण्याशी ताडून पाहत आले आहेत. ज्यांचं आयुष्य यात गेलं ते उपकरणावर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. आपण कोण लागून गेलो?

मागच्या सुट्टीत मी आमच्या टाकीचं एकच पाणी तीन उपकरणांत पाहिलं. काट्याचा हायड्रोमीटर ३२ म्हणाला, रिफ्रॅक्टोमीटर ३६, मित्राचा डिजिटल वाहकता मीटर ३३. मित्राने सुचवलं, सरासरी काढ. तीन साक्षीदारांपैकी खरं कोण बोलतंय हे माहीत नसताना तिघांच्या जबानीची सरासरी काढून काय मिळणार? आम्ही ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी मिसळून बरोबर एक किलो द्रावण केलं. हे द्रावण प्रकाशाला ३५ च्या समुद्रपाण्याइतकंच वाकवतं. रिफ्रॅक्टोमीटरने त्याला ३६.५ म्हटलं. म्हणजे ज्या टाकीला तो ३६ म्हणत होता तिचा खरा आकडा साडेचौतीसच्या आसपास होता. दहा मिनिटांचं काम. मात्र हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरसाठीच आहे. वाहकता मीटरसाठी मिठाचं प्रमाण थोडं वेगळं लागतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच फोल नाही. आकडा चुकीचा असेना, पण रोज तोच असला म्हणजे झालं, प्राण्यांना स्थिरता हवी असते. स्थिरता हवीच. पण आपण एनसीसीच्या फायरिंगला जातो तेव्हा पाचही गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत, पण टार्गेटच्या कोपऱ्यात लागल्या, तर उस्ताद काय म्हणतात? ग्रुप चांगला आहे, रायफल झिरो कर. ग्रुप चांगला आला म्हणून कोणी झिरोइंग सोडून देत नाही. टाकीतही असंच आहे. जुना मीटर फुटला आणि नवा आला, किंवा दुसऱ्याच्या टाकीतला प्राणी आणला, की ‘रोज तोच आकडा’ कामाचा राहत नाही.

जाता जाता एक सांगतो. प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानदार कितीही हळू आवाजात देऊ करो, घ्यायचे नाहीत. क्लाउनफिशसारखे मासे आपल्या देशात हॅचरीत वाढवले जातात, टाकीला तेच बरे.

आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तराजू ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवतो. घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका ग्रॅमची चूक सहज होते, आणि साडेछत्तीसात एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक अंकाची चूक. म्हणून माझी सरांना विनंती आहे की हे द्रावण बारावीच्या मुलांकडून एकदा प्रात्यक्षिक म्हणून करून घ्यावं, घट्ट झाकणाच्या बाटलीत तारीख लिहून ठेवावं, आणि ज्यांच्या घरी टाकी आहे अशा कॅडेट्सना सुट्टीला जाताना ५० मिलिलिटर द्यावं. बाटलीचं झाकण मात्र उघडं ठेवू नका, तिच्यातलंही पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात.