जादूच्या राज्यात चूल कुठे आहे?

तिसऱ्या पानावर गाव जळतं. दहाव्या पानावर नायकाला गुरू भेटतो, पंधराव्यावर जादूची तलवार हाती येते आणि शंभरावं पान उलटायच्या आत तीन राज्यं जिंकून होतात. हल्ली आपली मुलं ज्या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचतात, मग त्या इंग्रजी असोत, भाषांतरित असोत की थेट मराठी, त्यातल्या पुष्कळांची धाव ही अशी. मीही त्या आवडीने वाचते, म्हणून तर भांडते.

माझं भांडण जादूशी नाही. ड्रॅगन खुशाल उडू दे, झाडं बोलू देत. पण त्या राज्यातली माणसं जेवतात काय? पाणी कोण भरतं? एवढं मोठं सैन्य महिनाभर चाललं, तर त्याच्या भाकऱ्या कुणी थापल्या? लेखकाला घाई झाली की कथेतून आधी चूल गायब होते, आणि तिच्यापाठोपाठ चुलीजवळच्या बायका. उरतात एक राणी, एक चेटकीण आणि सोडवून आणायची एक राजकन्या. ज्या जगात कष्ट दिसत नाहीत, तिथे कष्ट करणारीही दिसत नाही. आपल्या मुली ही पुस्तकं वाचून मोठ्या होणार आहेत, म्हणून मला हे क्षुल्लक वाटत नाही.

जादूलाही नियम लागतात, हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. पाठशाळेत ऐकलेले कल्पवृक्ष आठवा. मागावं ते देणारी झाडं! पण आपली कथा तिथे थांबत नाही. ती विचारते, ही झाडं आटली तर? मग माणसांत भांडणं लागतात. कुलकर येतात, शिक्षा ठरते. आधी नुसतं ‘हा’, म्हणजे ‘अरेरे!’ एवढ्याने माणूस लाजत असे. ते पुरेना, तेव्हा ‘मा’, म्हणजे ‘असं करू नको’. तेही पुरेना, तेव्हा ‘धिक्’. पुढे ऋषभदेव असि, मसि, कृषी शिकवतात, म्हणजे शस्त्र, लेखन आणि शेती. एका झाडाच्या आटण्यातून अख्खा समाज कसा उभा राहिला पाहा. भूक आहे, कायदा आहे, कामधंदा आहे. जग उभं करणं म्हणतात ते हेच. नुसता नकाशा छापून आणि नावांत दोन-चार जोडाक्षरं कोंबून ते होत नाही.

आता घाईचं बघू. हरिभद्रसूरींची ‘समराइच्चकहा’ आठव्या शतकातली, प्राकृतातली. राजपुत्र गुणसेन कुरूप अग्निशर्म्याची टिंगल करतो. तो तापस होतो, महिना-महिना उपास करतो. पारणं एकाच घरी, तिथे नाही मिळालं तर पुन्हा महिनाभर उपास. पुढे राजा झालेला गुणसेन त्याला पारण्याला बोलावतो, मनापासून बोलावतो. पण एकदा त्याचं डोकं दुखतं, एकदा लढाईची गडबड, एकदा मुलाचा जन्म. तिन्ही वेळा तापस उपाशी परततो, आणि तिथे जे वैर धरतो ते नऊ भव चालतं. आजचा घाईचा लेखक हे ‘त्याने त्याचा अपमान केला’ या एका वाक्यात उरकेल! पण ज्या घरात कुणी महिन्याचे उपास केलेत, तिथल्या बाईला विचारा, पारण्याच्या दिवशी रिकामं परतणं म्हणजे काय. ते तीन महिने मोजले म्हणून नऊ भवांचं वैर पटतं.

कुणी म्हणेल, आजच्या मुलांना धीर कुठे आहे? मोबाइलच्या जमान्यात संथ लिहून चालेल का? अहो, माहिष्मतीचा राजवाडा आपल्याच हैदराबादेत, रामोजी फिल्म सिटीत उभा राहिला. ‘बाहुबली’ जुलै २०१५ मध्ये आला आणि कटप्पाने त्याला का मारलं याचं उत्तर एप्रिल २०१७ मध्ये मिळालं. याच मुलांनी एकवीस महिने वाट पाहिली. त्यातल्या कालकेयांसाठी किलिकी नावाची वेगळी भाषा रचली, तिचे शब्द पोरं घरोघर बोलत होती. धीर आहे हो, पण धीर धरावा असं काही द्यायला नको का?

संथ म्हणजे कंटाळवाणं, असंही नाही. टोल्किनचं ‘द हॉबिट’ १९३७ सालचं, मुलांसाठीच लिहिलेलं. त्यात तेरा बुटके बिल्बोच्या घरी अचानक येऊन त्याचं कोठार रिकामं करतात. प्रवास त्यानंतर, आणि तोही हातरुमाल घरीच विसरून! पाहुण्यांनी फराळाचे डबे संपवल्याचं दुःख ज्याला कळतं, त्याचा ड्रॅगनही मला खरा वाटतो.

मराठीला हा प्रकार नवा नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. तिच्यातही योगायोगांची रेलचेल होती, पण तेव्हा मराठीत कादंबरीच नवी होती. दीडशेहून अधिक वर्षांनी ती सवलत मागायची नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा भाग विकत घेण्याआधी मुलीला एवढंच विचारा, तिथली माणसं जेवतात काय गं? तिला पटकन सांगता आलं, तर पुस्तक जरूर घ्या. ती नुसतीच तुमच्याकडे बघत राहिली, तर पैसे पर्समध्येच राहू द्या.