धावपट्टीला जाब कोण विचारणार?

कोचीहून आलेले एअर इंडियाचे विमान २१ जुलै २०२५ रोजी मुंबईत भर पावसात धावपट्टी सोडून गवतात शिरले आणि दोन्ही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत उड्डाणांपासून दूर ठेवण्यात आले. इथवर ठीक. चौकशी व्हायलाच हवी. पण वैमानिक घरी बसले म्हणजे प्रकरण मार्गी लागले, अशा थाटात सगळी यंत्रणा गप्प झाली, ते संतापजनक आहे. इंजिनाचे फाटलेले आवरण आणि मागे अडकलेले गवत साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिले. अहमदाबादच्या विमान अपघाताला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. मुंबईच्या धावपट्टीची निगा ज्यांच्याकडे आहे, त्यांना जाब कोण विचारणार?

‘ब्रेक लागला नाही’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वैमानिकाचा पाय येतो. धावपट्टीवर पाणी साचले आणि चाक व जमीन यांच्यामध्ये त्याचा थर आला, की चाक तरंगू लागते. मग पाय कितीही दाबा, चाकाला पकडच मिळत नाही. उलट चाके जखडू नयेत म्हणून असलेली यंत्रणा ब्रेकचा दाब कमी करते. पाणी झटकन वाहून जावे म्हणून धावपट्टीवर आडव्या खाचा लागतात. उतरणाऱ्या विमानांच्या टायरचे रबर तिथे साचत जाते, ते वेळच्या वेळी खरवडावे लागते. पकड किती उरली आहे, हे यंत्राने मोजावे लागते. यातले एकही काम वैमानिकाचे नाही. मुंबईला हे नवे आहे का? १९ सप्टेंबर २०१७ रोजी वाराणसीहून आलेले स्पाइसजेटचे विमान धावपट्टीपलीकडच्या चिखलात रुतले. १ जुलै २०१९ च्या रात्री त्याच कंपनीचे जयपूरहून आलेले विमान तसेच पुढे गेले. दोन्ही वेळा पाऊस होता, दोन्ही वेळा मुख्य धावपट्टी बंद पडली. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असेल, पण पाऊस तर मुंबईत दरवर्षीच येतो.

विदर्भाला हा विषय परका नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान खाली कोसळले आणि २१ जण गेले. त्याचे कॅप्टन दीपक साठे आपल्या नागपूरचे. विमान फार पुढे टेकले, सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्यास सांगूनही उतरणे चालू राहिले, असे चौकशी अहवाल सांगतो. ते नाकारण्याचे कारण नाही. पण पहिल्या प्रयत्नात कॅप्टनसमोरचा वायपर बंद पडला होता आणि यंत्रणेतल्या त्रुटींकडेही काणाडोळा करता येणार नाही, हेही तोच अहवाल सांगतो. त्याच्या दहा वर्षे आधी, २२ मे २०१० रोजी, मंगळूरला १५८ माणसे अशीच गेली होती. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीने तेव्हाच अशा धावपट्ट्यांच्या टोकाला विमान रोखणारी व्यवस्था सुचवली होती. हलक्या काँक्रीटचा हा पट्टा विमानाच्या वजनाखाली चुरा होतो, चाके त्यात रुततात आणि विमान थांबते. कोझिकोडला २०२० मध्ये तो नव्हता. शिफारस दहा वर्षे कागदावर ठेवणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला कामावरून दूर केल्याचे कोणी ऐकले आहे का?

भंडाऱ्याला ही रीत चांगली ठाऊक आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा बाळे दगावली. काही जण निलंबित झाले, पण पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता, तो अडवणारे हात कुठल्या गुन्ह्यात आले? गोसीखुर्द धरणाचेही तेच. ३७२ कोटींचा प्रकल्प १८ हजार कोटींच्या पुढे गेला, कालव्यांचे अस्तर निकृष्ट निघाले, गुन्हे नोंदवले गेले ते अभियंते आणि कंत्राटदारांवर. त्यांच्या वर कोणी नव्हतेच का? शेवटच्या पायरीवरचा माणूस पकडायचा आणि वरच्या फायली मिटायच्या, हे आता बंद झाले पाहिजे.

पवनी-लाखांदूरच्या माणसाला विमान पकडायचे तर बहुधा नागपूरच गाठावे लागते. तिथल्या धावपट्टीचे नूतनीकरण इतके रखडले की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष घालावे लागले. म्हणून मागणी साधी आहे. मुंबई, नागपूर आणि राज्यातल्या प्रत्येक विमानतळाच्या धावपट्टीची पकड शेवटची कधी मोजली, किती भरली, रबर कधी काढले, पाण्याचा निचरा कोणी तपासला, हे तारीख आणि सहीसह जाहीर करा. अपघाताची चौकशी करणारे मंडळ आज नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. ते तिथून बाहेर काढा आणि संसदेला उत्तरदायी करा. मुंबईच्या चौकशीत २१ जुलैच्या सकाळी धावपट्टीवर किती पाणी होते आणि ते वैमानिकांना कळवले होते का, याचे उत्तर आधी द्या. वैमानिकांचा निवाडा त्यानंतर करा.