दीडशे लिटर पाण्याचा संसार

श्रावकाच्या बारा व्रतांत पाचवे व्रत परिग्रहपरिमाणाचे आणि सहावे दिशापरिमाणाचे. किती ठेवावे हे पहिले सांगते. किती दूर जावे हे दुसरे. व्यापारी घराण्यांत ही दोन्ही नावे लहान मुलांनाही पाठ असतात. पाळणे मात्र व्यापाऱ्यालाच सर्वांत जड जाते, कारण साठा आणि विस्तार ही त्याच्या उदिमाची दोन चाके होत. मूळच्या नगर जिल्ह्यातील आणि गेली चाळीस वर्षे कॅनडात टोरांटोजवळ मिसिसागा येथे स्थायिक झालेल्या एका दाम्पत्याला या व्रतांचा अर्थ वयाच्या सत्तरीत नव्याने उमगला, तो सहा आठवड्यांच्या एका प्रवासात आणि चाकांवरच्या घरात.

गृहस्थांचे तेथे किराणा मालाचे दुकान. गेल्या दिवाळीत वहीपूजन झाले आणि त्यांनी किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या. नातेवाइकांनी निवृत्तीबद्दल अभिनंदन केले. परंतु बँकेतील सहीचा अधिकार त्यांच्याकडेच राहिला आणि रोज रात्री ‘आज गल्ला किती?’ हा प्रश्नही चुकला नाही. मुलगा उत्तर देई. पण प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा अधिक कोरडा होत जाई. ते आईच्या ध्यानात येत होते.

त्या माउलीने चाळीस वर्षांत घर, दुकान आणि मंदिर या तीन ठिकाणांपलीकडे फारसे काही पाहिले नव्हते. या देशाचा पूर्वेकडचा शेवटचा कडा पाहावा, अशी तिची जुनी इच्छा होती. निघताना तिने दोन मर्यादा घातल्या. पूर्वेच्या अखेरच्या भूशिरापलीकडे जायचे नाही आणि आषाढी चौदसेच्या आत घरी परतायचे, कारण चातुर्मासात पर्यटन नको. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी प्रस्थान ठेवले.

वाहन होते ते मोटरहोम. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली एक खोली, चालकाच्या डोक्यावर बिछाना, दोन शेगड्या, गॅसवर आणि विजेवर चालणारा शीतकपाट, कपाटाएवढे स्नानगृह. अशा वाहनावर किती वजन लादता येते, हे त्याच्या पाटीवर कोरलेले असते. ट्रक तोलण्याच्या काट्यावर गाडी उभी केली, तेव्हा भार मर्यादेपेक्षा जास्त भरला. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलणाऱ्या गृहस्थांचा संसार प्रथमच काट्यावर चढला होता. पिठाच्या दोन गोण्या, दुसरा कुकर, निम्म्या साड्या आणि खुर्च्या उतरल्या. दुकानाच्या फायलींची पेटी मात्र त्यांनी उतरू दिली नाही. पत्नीने ते पाहिले आणि ती काही बोलली नाही.

कॅनडाला आडवा छेदणारा राष्ट्रीय महामार्ग १९६२ साली औपचारिकरीत्या खुला झाला. त्याची लांबी सुमारे ७,८०० किलोमीटर. त्याचा पूर्वेकडील भाग आणि त्याला फुटलेल्या वाटा एवढाच त्यांचा बेत होता. सेंट लॉरेन्स नदीतील सहस्रद्वीपांचा प्रदेश मागे टाकून ते क्वेबेक शहरी पोहोचले. १६०८ साली वसलेल्या या शहराची तटबंदी आजही उभी आहे. भाषा फ्रेंच, आणि तेथील आवडते खाद्य म्हणजे तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि बहुधा मांसाच्या अर्काची दाट कढी. ‘मांस नको’ एवढे फ्रेंच शब्द माउलीने पाठ केले होते. बटाटाही चालत नाही, हे समजावताना मात्र दुकानदार बुचकळ्यात पडे. तेथे त्यांना सापडला तो मेपल वृक्षाचा पाक. एक लिटर पाकासाठी सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. मध वर्ज्य असलेल्या घरात या झाडाच्या गोडव्याचे मोठे स्वागत झाले.

गाडीत पाण्याची टाकी दीडशे लिटरची होती. तिच्याखाली आणखी दोन टाक्या होत्या. एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची, दुसरी शौचाची. चौथ्याच दिवशी एक अडचण उभी राहिली. स्वच्छ पाणी शिल्लक होते, पण सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली होती. ती रिकामी झाल्याखेरीज एक पेलाही विसळता येईना. घरी वापरलेले पाणी नळीतून जाते आणि विस्मरणात जाते. येथे वापरलेला प्रत्येक थेंब पुढच्या मुक्कामापर्यंत बरोबर वाहून न्यावा लागतो. ठरावीक जागी नळी जोडून टाकी रिती करताना पत्नी हसत म्हणाली, “अहो, आस्रव आणि बंध पाठशाळेत शिकलो होतो. निर्जरा अशी हातमोजे घालून करावी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.” त्या दिवसापासून दीडशे लिटर पाणी त्यांना तीन दिवस पुरू लागले.

नदीच्या दक्षिण काठाने ते गास्पे द्वीपकल्पाकडे वळले. पहिल्याच संध्याकाळी मुक्काम गाठण्यास उशीर झाला आणि अंधारात दिव्यांच्या झोतात असंख्य कीटक समोरच्या काचेवर आदळले. सकाळी काच पुसणाऱ्या पतीजवळ ती बराच वेळ उभी राहिली. “सूर्यास्तानंतर आपण जेवत नाही,” ती म्हणाली, “मग चाकं तरी कशाला फिरवायची?” तेव्हापासून सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडी थांबू लागली. यामुळे हिंसा टळली, असे त्यांनी मानले नाही. असे अवजड वाहन शंभर किलोमीटरला वीस लिटरहून अधिक इंधन पिते, आणि दिवसाही काच स्वच्छ राहत नाही. गृहस्थाश्रमात हिंसेचा शेवट नाही; तिला कोठे तरी सीमा घालणे मात्र आपल्या हाती असते. रोज किती अंतर कापायचे, हे ते आता सकाळीच ठरवू लागले.

पर्से गावासमोर समुद्रात भोक पडलेला प्रचंड कातळ उभा आहे आणि त्याच्या शेजारी बोनाव्हेंचर बेट. या बेटावर एक लाखाहून अधिक गॅनेट पक्षी घरटी करतात. पांढरेशुभ्र अंग, पिवळसर डोके. प्रत्येक जोडप्याच्या वाट्याला जेमतेम मान पोहोचेल एवढीच जागा. गृहस्थ कठड्याशी पाऊण तास उभे होते. एवढ्या दाटीत प्रत्येकाचे गाळे ठरलेले, असा व्यापारी शेरा त्यांनी मारला. पण त्या रात्री त्यांनी गल्ल्याची चौकशी केली नाही.

न्यू ब्रन्सविकमध्ये फंडीचा उपसागर लागतो. जगातील सर्वांत मोठी भरती येथे येते. उपसागराच्या वरच्या टोकाला पाणी सोळा मीटरपर्यंत चढते. सकाळी ते दोघे समुद्राच्या तळावरून खडकांच्या पायथ्याशी चालले. सुमारे सहा तासांनी त्याच जागी पाण्याचा डोह होता. पुढे प्रिन्स एडवर्ड बेट. १९९७ साली खुला झालेला १२.९ किलोमीटर लांबीचा पूल या बेटाला मुख्य भूमीशी जोडतो. लाल मातीचे हे बेट बटाट्यासाठी प्रसिद्ध. मैलोगणिक शेते आणि आपल्या पाहुण्यांना त्यातील काहीच चालत नाही, याची दोघांनाही गंमत वाटली. या पुलाची एक रीत लक्षात राहण्यासारखी आहे. बेटावर जाताना पैसे घेत नाहीत. टोल भरावा लागतो तो बाहेर पडताना. “धंद्यातही असंच असतं,” गृहस्थ टोलनाक्यावर सहज बोलून गेले. पत्नीने एवढेच विचारले, “मग तुम्ही तुमचा टोल केव्हा भरणार?”

नोव्हा स्कॉशियातील केप ब्रेटनचे डोंगर ओलांडून नॉर्थ सिडनीच्या बंदरावर त्यांनी गाडी जहाजात चढवली. चढण्यापूर्वी गॅसची टाकी बंद करावी लागते. सात तासांनी न्यूफाउंडलंडचा किनारा आला आणि घड्याळे अर्धा तास पुढे सरकली. उन्हाळ्यात या बेटाच्या आणि भारताच्या वेळेत बरोबर आठ तासांचे अंतर असते. तेथे दुपारचे बारा, तेव्हा नगरला रात्रीचे आठ. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहाराची ओढाताण उरली नाही. या बेटावर रात्री गाडी चालवू नका, असे प्रत्येकजण बजावतो. १९०४ साली येथे चार मूस सोडले गेले. आज त्यांची संख्या लाखाच्या घरात असून अंधारात हे प्रचंड प्राणी रस्त्यावर येतात. काचेवरच्या कीटकांमुळे घेतलेला नियम येथे त्या दोघांच्याही प्राणरक्षणाचा ठरला.

बेटावरच्या तिसऱ्या दिवशी मुलाचा दूरध्वनी आला. तांदूळ आणि तूरडाळीचा मोठा माल स्वस्तात मिळत होता. शुक्रवारपर्यंत होकार आणि वडिलांची सही हवी होती. मुलाचे मत प्रतिकूल होते. गोदाम आधीच भरलेले, जुना माल हललेला नाही. वडिलांना मात्र भाव दिसत होता. आवाज चढले. ‘मी येतो,’ म्हणून त्यांनी नकाशावर परतीचे जहाज शोधण्यास आरंभ केला. मुलगा शेवटी म्हणाला, “बाबा, किल्ल्या परत घेऊन जा, मग विचारायचं तरी कारण उरणार नाही.” दूरध्वनी बंद झाला.

त्या सायंकाळी मुक्कामाजवळच्या मासेमारीच्या खेड्यात ते पाय मोकळे करण्यास गेले. लाकडी धक्के ओस होते. एका वृद्ध कोळ्याने त्यांना हकिकत सांगितली. सुमारे पाचशे वर्षे या किनाऱ्यावर कॉड मासा धरला गेला. पुढे अजस्र जहाजे आली, वर्षभर जाळी ओढली गेली, आणि मासा संपत आला तरी कोणी हात आखडला नाही. जुलै १९९२ मध्ये सरकारने मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांची म्हणून घातलेली ती बंदी २०२४ साली उठली, तीही अत्यंत मर्यादित प्रमाणात. ज्या व्यवसायाची गोष्ट ऐकली, तो या दोघांना धर्माने निषिद्ध. तरीही म्हाताऱ्याचे डोळे पाहून दोघांचेही मन भरून आले. परतताना पत्नी म्हणाली, “जीवही वाचले नाहीत आणि माणसंही नाहीत. पुरे कधी म्हणायचं, ते कुणी ठरवलंच नव्हतं.”

गृहस्थ त्या रात्री झोपले नाहीत. सांडपाण्याची टाकी भरली असता वरून नवे पाणी घेता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवले होते. मुलगा गोदामाबद्दल तेच सांगत होता. सकाळी त्यांनी दूरध्वनी केला. “माल घेऊ नकोस,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून त्यांनी वाक्य सुधारले, “म्हणजे, तुला वाटेल तसं कर. आल्यावर बँकेत जाऊ. सही तुझी.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलाने विचारले, “आई कुठं आहे? थंडी फार आहे का तिकडं?” कित्येक महिन्यांनी त्याने दुकानाखेरीज काही विचारले होते.

सुमारे नऊशे किलोमीटर बेट ओलांडून ते सेंट जॉन्सला पोहोचले. वाटेत एका उपसागरात हिमनग दिसला. ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून तुटून हे पर्वत दक्षिणेकडे वाहत येतात आणि त्यांचा जवळजवळ नऊदशांश भाग पाण्याखाली असतो. केप स्पिअर हे ग्रीनलंड वगळता उत्तर अमेरिकेचे सर्वांत पूर्वेकडील टोक. तेथील जुने दीपगृह १८३६ सालचे. पुढे आयर्लंडपर्यंत केवळ पाणी. माउलीने खडकावर आसन पसरून एक सामायिक केले. अठ्ठेचाळीस मिनिटे गृहस्थ शेजारी बसून राहिले. त्यांनी घड्याळ पाहिले नाही. तिने घातलेली सीमा तेथे संपत होती. आणखी उत्तरेला व्हेल पाहण्यास चला, असे सहप्रवाशांनी सुचवले, तेव्हा नकार दिला तो पतीने.

आषाढी चौदसेच्या पाच दिवस आधी गाडी मिसिसागाला परतली. पुढच्या सोमवारी पितापुत्र बँकेत गेले. फायलींची पेटी सहा आठवड्यांत एकदाही उघडली गेली नव्हती. ती मुलाच्या टेबलाशेजारी ठेवली गेली. आता संध्याकाळी गृहस्थ दुकानात जातात ते नातवाला घेऊन, ग्राहकासारखे. घरात भांडी विसळताना नळ मोठा सोडला, तर दोघांपैकी कोणी तरी तो सहज लहान करतो. परिमाण म्हणजे उणीव, अशी समजूत असते. दीडशे लिटर पाण्यात सहा आठवडे आनंदाने राहिलेल्या या दाम्पत्याला तसे वाटत नाही. चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी दोघांनी पाचवे आणि सहावे व्रत पुन्हा घेतले, आणि या वेळी मर्यादेचे आकडे गृहस्थांनी स्वतः लिहिले.