विद्यार्थ्याचा मेहनताना आणि सात तारीख

गेल्या महिन्यात एका जुमेरातीला आठवड्याचा हिशेब चालू असताना आमच्या पेढीवर एक मुलगा येऊन उभा राहिला. बाप लूमवर, मुलगा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाला, "चाचा, रात्रीचे काही काम असेल तर द्या. तागे मोजीन, बिले लिहीन." आम्ही विचारले, "अरे, तू तर कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत आहेस ना?" तो म्हणाला, "आहे. रोज तीन तास ग्रंथालयात पुस्तके लावतो. पण तीन महिन्यांचे पैसे आलेले नाहीत. क्लार्कसाहेब म्हणतात, वरून अनुदान आले की मिळतील."

त्याच वेळी आमच्या समोर कारागीर रांगेत बसले होते. एकेकाचे नाव पुकारले जात होते आणि पैसे हातावर ठेवले जात होते. त्यातल्या कुणाला आम्ही "पालीच्या पार्टीचे पैसे आले की तुझे देतो" असे म्हटले असते, तर तो दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या कारखान्यात गेला असता, आणि त्याचे बरोबरच झाले असते. जे आम्ही लूमवाल्याला बोलू शकत नाही, ते कॉलेज एका विद्यार्थ्याला तीन महिने ऐकवते आणि कुणालाच त्यात वावगे वाटत नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घोळतो आहे, म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर तो मांडत आहोत.

ही योजना खैरात नाही

प्रथम योजनेचे मूळ समजून घेतले पाहिजे. पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते, आणि नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न असल्याने आपल्या मुलांचा तिच्याशी थेट संबंध येतो. भाऊराव पाटील हे काही काळ आपल्यासारखेच फिरते विक्रेते होते. ओगल्यांच्या काचेच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले आणि खेड्यातला शेतकरी अक्षराविना कसा नाडला जातो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शेतात, स्वयंपाकघरात, बांधकामावर काम करून शिकत. वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले, तेही याच स्वावलंबनाच्या पायावर.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. गरीब मुलाने हात पसरू नये, घाम गाळावा आणि त्या घामाच्या बळावर मान ताठ ठेवून शिकावे, हा या योजनेचा हेतू आहे. म्हणजे ही दया नव्हे, सौदा आहे. सौदा म्हटला की दोन बाजू आल्या. मुलाने काम केले, त्याची बाजू पुरी झाली. दुसरी बाजू वेळेवर पुरी झाली नाही, तर त्या मुलाला पुन्हा हात पसरावा लागतो. कधी फीच्या खिडकीसमोर, कधी मेसवाल्यासमोर, कधी आमच्यासारख्या व्यापाऱ्यासमोर. ज्या लाजेपासून त्याला वाचवायचे होते, तीच लाज त्याच्या पदरी पडते.

मानधन आणि मजुरी

कागदावरचा नियम वाईट नाही. पैसे ताशी दराने, काम दिवसाला तीन तासांपर्यंत, आणि तेही ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी. अभ्यासाला वेळ उरावा म्हणून तासांवर मर्यादा आहे, ती योग्यच आहे. दोष पुढे सुरू होतो.

पहिला दोष शब्दात आहे. विद्यार्थ्याला जे मिळते त्याला 'मानधन' म्हणतात. शब्द कानाला गोड लागतो, पण त्याचा अर्थ व्यवहारात असा होतो की ही मजुरी नाही, म्हणून मजुरीचा कायदा नाही. किमान दर नाही, तारीख नाही, उशीर झाला तर विचारणा नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे आम्ही उजरत हा शब्द शिकलो. उजरत म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला, तो हक्क असतो. आम्हांला वाटते, मान राहू द्यावा आणि धन वेळेवर द्यावे.

दुसरा दोष दराचा. काही वर्षांपूर्वी पुणे विद्यापीठात हा दर ताशी ४५ रुपये होता. तीन तासांचे १३५ रुपये. महिन्याचे २५ दिवस पकडले तरी ३,३७५ रुपये. तेवढ्यात खोलीचे भाडे, मेस, बसभाडे आणि पुस्तके कशी बसवायची, हे कोणत्याही संसारी माणसाने मांडून पाहावे. बाजारात सुताचा भाव दिवसात दोनदा बदलतो. विद्यार्थ्याच्या तासाचा भाव मात्र एखादी समिती बसेपर्यंत गोठलेला राहतो.

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत मोठा दोष तारखेचा. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार देण्याचे बंधन घातले. २०१९ च्या वेतन संहितेतही महिन्याच्या पगाराला हीच सात तारीख आहे. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण तर आपल्या घराघरात आहे. मग ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही, त्यानेच अनुदानाची वाट का पाहावी?

अमेरिकेत काय करतात

आपली काही मुले आता परदेशी शिकायला जातात, म्हणून तिकडचा एक नियम सांगतो. अमेरिकेत १९६४ साली, अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात, गरजू विद्यार्थ्यांना काम देण्याची सरकारी योजना सुरू झाली. ती आजही चालू आहे. पैशाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलते, उरलेला बहुधा कॉलेज भरते. पण अटी पाहा. देशाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. तो दर २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे, आणि राज्याचा दर जास्त असेल तर तो द्यावा लागतो. महिन्यातून निदान एकदा पैसे दिलेच पाहिजेत. वर्गाच्या वेळेत काम लावता येत नाही. नेहमीच्या नोकराला काढून त्याच्या जागी स्वस्तातला विद्यार्थी बसवता येत नाही.

परदेशातून गेलेल्या मुलांना मात्र ही सरकारी योजना मिळत नाही. त्यांना विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असताना, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. हे पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे आणि मुलाच्या कमाईचा हिशेब त्याहून मोठा धरू नये.

तिकडे सगळे आलबेल आहे असेही नाही. २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवण्याचे आणि संशोधनाचे काम करणाऱ्या सुमारे ४८ हजार जणांनी पगारासाठी संप केला, तो सुमारे सहा आठवडे चालला. त्यांत मोठा भरणा विद्यार्थ्यांचाच होता. म्हणजे श्रीमंत देशातही विद्यापीठ मेहनतीचे मोल आपण होऊन वाढवीत नाही. फरक इतकाच की तिथे विद्यार्थ्याच्या हाती मागायला नियम आहे.

उधारी कुणी सोसायची?

एका संस्थेच्या कारभारी मंडळींशी आम्ही याविषयी बोललो. त्यांचे म्हणणे असे की कॉलेज म्हणजे कारखाना नव्हे. दर वाढवला तर तेवढ्याच रकमेत कमी मुलांना काम मिळेल. आणि विद्यापीठाकडूनच पैसे उशिरा येतात, त्याला संस्था काय करणार?

दर वाढवल्यास मुलांची संख्या घटेल, ही अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. शंभर मुलांची रक्कम सत्तर मुलांत वाटली तर तीस घरी बसतील. यावर उपाय म्हणजे रक्कम वाढवणे, आणि ते एका दिवसात होणारे नाही. पण वेळेवर देण्यासाठी रक्कम वाढवावी लागत नाही. तेवढेच पैसे, फक्त ठरल्या दिवशी द्यायचे आहेत.

आमचे ग्रे कापड पाली-बालोतऱ्याला जाते. तिथून पैसे यायला कधी ६०, कधी ९० दिवस लागतात. पण आमची जुमेरात त्यासाठी थांबत नाही. मधले दिवस आम्ही आमच्या भांडवलावर काढतो. कमी पडले तर बँकेचे व्याज भरतो, कुणाकडून हातउसने घेतो. धंद्याची रीतच अशी आहे की ज्याची ताकद जास्त त्याने उधारी सोसायची. इथे मात्र विद्यापीठाची उधारी संस्था सोसत नाही, संस्थेची उधारी सोसतो तो लूमवाल्याचा मुलगा. साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या भांडवलावर योजना चालली आहे. व्यापारी म्हणून आम्हांला हा हिशेब कुठेही बसत नाही.

आपल्यातले अनेक बंधू शाळा-कॉलेजांच्या कमिट्यांवर आहेत, देणग्या देतात, समारंभात हारतुरे घेतात. त्यांना आमची विनंती आहे की पुढच्या बैठकीत एवढ्या गोष्टी मांडाव्यात:

१. संस्थेने एक छोटा फिरता निधी बाजूला काढावा. विद्यार्थ्यांचे पैसे त्यातून सात तारखेच्या आत द्यावेत आणि विद्यापीठाची रक्कम आली की निधी भरून घ्यावा. तीस मुलांना महिन्याला तीन हजारांप्रमाणे तीन महिन्यांचे २ लाख ७० हजार होतात. ही रक्कम बुडत नाही, फिरत राहते.

२. प्रत्येक मुलाला तासांची नोंद असलेली वही द्यावी आणि तिच्यावर दर आठवड्याला सही व्हावी. पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जावेत.

३. निवड कशी झाली, किती अर्ज आले, किती घेतले, हे फलकावर लावावे. कारकुनाच्या ओळखीचा म्हणून कुणाला काम मिळू नये.

४. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस काम बंद ठेवावे आणि परीक्षेनंतर तेच काम त्याच मुलाला परत द्यावे.

५. दर ठरावीक मुदतीने तपासला जावा, अशी मागणी विद्यापीठाकडे लेखी करावी.

आपल्या गल्ल्याकडेही पाहू

कॉलेजाला बोल लावताना आपलेही दार उघडून पाहिले पाहिजे. रमजानच्या दिवसांत आपल्या कापडाच्या दुकानांत कॉलेजची मुले कामाला असतात. त्यांच्याशी आपण काय ठरवतो? बहुतेक वेळा काहीच नाही. "ये उद्यापासून, ईदला बघू" एवढ्यावर बोलणे संपते. मग चाँदरातीला गल्ला बंद करताना मालकाच्या मर्जीप्रमाणे काहीतरी हातावर ठेवले जाते. तेही एक प्रकारचे मानधनच.

हे आम्ही दुसऱ्यांना सुनावत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानात एक मुलगा होता, हिशेबाला पक्का. सीझनमध्ये रात्री एक-एक वाजेपर्यंत आम्ही त्याला थांबवून घेतले. सकाळी त्याची परीक्षा असते हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही, आम्ही विचारले नाही इतकेच. दोन विषय राहिले. पुढे त्याने शिक्षण सोडले आणि आमच्याकडेच कायम झाला. लोक म्हणाले, चांगला माणूस मिळाला तुम्हांला. आम्हांला तेव्हा तसेच वाटले होते. आता तो आपल्या मुलीची फी भरायला सुट्टी मागतो, तेव्हा आम्ही त्याच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

त्यानंतर आमच्या पेढीवर रीत बदलली. विद्यार्थी ठेवला की तास आणि दर पहिल्याच दिवशी वहीत लिहायचे. इतर माणसांना तासाला जे पडते त्यापेक्षा कमी द्यायचे नाही. रात्री दहाला सोडायचे. परीक्षेचे वेळापत्रक आधी मागून घ्यायचे. पैसे जुमेरातीला, बाकीच्यांच्याच रांगेत. यात आमचे दिवाळे निघालेले नाही. उलट मुले टिकतात, आणि बिलात चूक कमी होते.

तो ग्रंथालयातला मुलगा सध्या आमच्याकडे संध्याकाळी दोन तास येतो. कॉलेजचे तीन महिन्यांचे पैसे हा मजकूर लिहीपर्यंत त्याला मिळालेले नाहीत. तिथले काम सोडू का, असे तो विचारत होता. आम्ही म्हटले, सोडू नकोस, पुस्तकांत राहशील. पण प्राचार्यांना एक अर्ज लिही, तास आणि तारखा सगळ्या लिही, आणि पोच घे. अर्ज मराठीत कसा लिहायचा ते त्याला अडत होते. आमचे मराठी गिऱ्हाइकांशी बोलता बोलता झालेले. तरी दोघांनी बसून तो पुरा केला. पोच त्याने आणून दाखवली आहे. आता सात तारखेची वाट पाहत आहोत.